काचेत ढग भरणारा मास्तर

मे महिन्याच्या शेवटी पाथरीत दुपारचं आभाळ कसं भरून येतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सकाळपासून जीव नकोसा करणारा उकाडा, चारच्या सुमारास गोदावरीच्या अंगाने चढत येणारा काळा पट्टा, मग वावटळ, पत्र्यांचा खडखडाट आणि पहिला कडकडाट. शेतात असलेला माणूस जवळच्या लिंबाखाली पळतो, आणि नेमकं तिथंच पळायचं नसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळी येतात. वीज पडून एक ठार, दोन जखमी, एक बैल दगावला. मी सध्या इंटर्न म्हणून या तीन ओळी टाइप करते. कधी पाथरी, कधी मानवत, कधी सेलू. गाव बदलतं, नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. आणि टाइप करताना दर वेळी वाटतं, वीज पडते म्हणजे नेमकं होतं तरी काय?

शाळेत आपण शिकलो ते असं: ढगात विद्युतप्रभार साठतो, फार साठला की ठिणगी पडते. हे बरोबर आहे, पण अर्धवट आहे. जमिनीलगतच्या हवेत ठिणगी पडायची तर दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. उंचावर हवा विरळ असते, तिथे थोडं कमी चालेल. शास्त्रज्ञांनी फुगे सोडून थेट ढगाच्या पोटात मोजमाप केलं, तर सापडले दर मीटरला जेमतेम काही लाख व्होल्ट. म्हणजे पुस्तकातल्या हिशेबाने वीज पडायलाच नको. तरी ती पडते, जगभरात दर सेकंदाला कितीतरी वेळा.

या कोड्याचं उत्तर शोधताना गाडी एका भलत्याच स्टेशनावर पोहोचली: गॅमा किरण. होय, तेच, जे अणुस्फोटात आणि मरणाऱ्या ताऱ्यांतून निघतात. आपल्या डोक्यावरच्या साध्या पावसाळी ढगातूनही ते निघतात, आणि विजेशी त्यांचं काहीतरी नातं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही व्हॉट्सॲपवरची फॉरवर्ड थाप वाटली होती. पण ढगात असं काही घडत असणार, हे १९२५ साली एका अबोल, अडखळत बोलणाऱ्या मास्तराने कागदावर मांडून ठेवलं होतं. फिजिक्सवाल्यांनी त्याचं नाव बारावीत एकदा तरी ऐकलं असेल, बाष्पकोष्ठ म्हणजे क्लाउड चेंबरच्या निमित्ताने. बाकीच्यांनी बहुधा नाही. म्हणून त्याची ही गोष्ट.

चार्ल्स थॉमसन रीस विल्सन. जन्म १४ फेब्रुवारी १८६९, म्हणजे बरोबर व्हॅलेंटाइन्स डेचा. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराजवळ, मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात. चार्ल्स चार वर्षांचा असताना वडील गेले. शेत सुटलं आणि आई मुलांना घेऊन मँचेस्टरला आली. ही स्टोरी आपल्याकडे कोणत्याही गावात ऐकायला मिळेल. घरचा कर्ता माणूस गेला की शेत सोडून शहर गाठायचं आणि मोठ्या भावाने धाकट्याच्या शिक्षणाला हात द्यायचा. इथे हात दिला तो सावत्र भावाने. त्याच्या पैशांवर चार्ल्स कॉलेजात गेला. विषय घेतला बायॉलॉजी, कारण डॉक्टर व्हायचं होतं.

मग १८८८ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि १९ वर्षांचा हा पोरगा केंब्रिजला पोहोचला. तिथे डॉक्टरकी मागे पडली आणि भौतिकशास्त्राने त्याला धरलं. १८९२ साली डिग्री हातात आली, पण पुढे काय हा प्रश्न त्यालाही होताच. शिकवण्या केल्या, काही काळ ब्रॅडफर्डच्या एका शाळेत मास्तरकी केली. जिभेवर अडखळणारा माणूस आणि पोटापाण्यासाठी करायचं काय, तर शिकवायचं! जमलं नाही फारसं. तो केंब्रिजला परतला, विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल्स घेऊ लागला आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम.

त्याचं आयुष्य वळलं ते सप्टेंबर १८९४ मध्ये, बेन नेव्हिस नावाच्या डोंगरावर. स्कॉटलंडचा हा सगळ्यात उंच डोंगर सुमारे १३४५ मीटर, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडाहून थोडाच कमी. माथ्यावर एक हवामान वेधशाळा होती. तिथला माणूस सुटीवर गेला की बदली माणूस लागायचा, आणि विल्सनने दोन आठवडे ते काम केलं. पगाराचं काम नव्हे, हौसेचं. सूर्य पाठीशी, समोर दरीत ढग, आणि त्या ढगावर पडलेल्या स्वतःच्या सावलीभोवती रंगीत गोल कडी. तुमच्यापैकी कोणी पावसाळ्यात कोकणकड्यावर ट्रेकला गेलं असेल तर हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. वज्र म्हणजे इंद्राच्या हातातली वीज. विल्सनला मराठी येत नव्हतं, पण त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका शब्दात मावतं: आधी ढगातली कडी, मग ढगातली वीज.

आपण तिथे असतो तर रील काढून खाली उतरलो असतो. विल्सनच्या डोक्यात मात्र आलं, की हा ढग मला टेबलावर करून बघायचाय.

पुढचा धडा त्याच डोंगररांगेत, जून १८९५ मध्ये. बेन नेव्हिसच्या शेजारच्या शिखरावर तो उभा असताना आभाळ भरून आलं आणि अचानक त्याच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले. ढगाचं विद्युत क्षेत्र त्याच्या अंगातून जमिनीकडे वाट शोधत होतं. पुढे काय होऊ शकतं ते त्याला समजलं आणि तो उतारावरून जीव घेऊन पळत सुटला. वाचला. (शेतात, माळावर तुमचे केस असे उभे राहिले तर तुम्हीही क्षणभर थांबू नका. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत.) त्या दिवसापासून ढग त्याच्यासाठी दिसायला सुंदर गोष्ट एवढाच राहिला नाही. त्यात भरलेलं काहीतरी त्याच्या अंगावरून गेलं होतं.

केंब्रिजला परतून त्याने काचेच्या भांड्यात ढग बनवायला सुरुवात केली. तत्त्व साधं आहे. थंडगार सोड्याची बाटली फोडली की तोंडाशी क्षणभर धुकं दिसतं ना? दाबातली हवा एकदम मोकळी झाली की थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. तोवर समज असा, की थेंब जमायला हवेत धूळ लागते. वाफेला चिकटायला कण हवा. विल्सनने हवा धुऊन, गाळून पार स्वच्छ केली आणि मग जोरात प्रसरण पावू दिली. धूळ नाही, तरी थेंब आले. मोजकेच, पण दर वेळी आले. म्हणजे स्वच्छ हवेतही काहीतरी होतं, ज्याला वाफ चिकटत होती.

काय होतं ते? नेमक्या त्याच काळात, १८९५ च्या शेवटी, जर्मनीत राँटगेनला एक्स-किरण सापडले. काही महिन्यांतच विल्सनने आपल्या भांड्यावर एक्स-किरण सोडून बघितले आणि आतमध्ये मोजके थेंब नाही, दाट धुकंच दाटलं. एक्स-किरणांनी हवेचे रेणू फोडून विद्युतभारित आयन तयार केले होते आणि प्रत्येक आयनाभोवती एक थेंब जमला होता. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या गोष्टीने पाण्याचा थेंब अंगावर घेऊन दर्शन दिलं. तेव्हा विल्सन २७ वर्षांचा होता.

आता एक प्रश्न शिल्लक. एक्स-किरण बंद असतानाही जे मोजके थेंब येत होते, त्यांचे आयन कुठून आले? याचा माग काढताना विल्सनच्या हातून एक फार मोठी गोष्ट थोडक्यात निसटली. बंद डब्यातल्या हवेतूनही विद्युतभार हळूहळू गळतो, हे त्याने १९०० च्या सुमारास दाखवलं. १९०१ मध्ये त्याने शंका मांडली, की पृथ्वीच्या बाहेरून काही किरण येत असतील आणि तेच हवेत आयन तयार करत असतील. मग पठ्ठ्या आपलं उपकरण घेऊन रात्री स्कॉटलंडमधल्या एका रेल्वे बोगद्यात शिरला. वर एवढा डोंगर असताना बाहेरचे किरण अडायला हवेत, गळती कमी व्हायला हवी. झाली नाही. बोगद्याच्या खडकातून येणाऱ्या किरणोत्सारामुळे फरक झाकला गेला असावा. विल्सनने ती कल्पना सोडून दिली. १९१२ साली व्हिक्टर हेस फुग्यात बसून पाच किलोमीटरवर गेला, वर किरण वाढतात हे त्याने मोजलं आणि वैश्विक किरणांच्या शोधाचं नोबेल १९३६ मध्ये त्याला मिळालं. विल्सन खाली बोगद्यात गेला, हेस वर आभाळात.

हे वैश्विक किरण लक्षात ठेवा. आपल्या विजेच्या गोष्टीत ते परत येणार आहेत.

मधली वर्षं मी भराभर पळवते. तो केंब्रिजमध्ये शिकवत राहिला. आवाज बारीक, बोलणं अडखळत, तोंड फळ्याकडे. पण ज्यांनी कान देऊन ऐकलं, त्यांनी पुढे त्याच तासांच्या आठवणी काढल्या. १९०८ मध्ये लग्न झालं. प्रयोगशाळेत काचेची सगळी भांडी तो स्वतः फुंकून बनवायचा. काच तडकायची, तो दुसरी घ्यायचा. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. एक सहकारी लांबच्या प्रवासाला निघाला तेव्हा विल्सन काचेचा एक सांधा घासत बसला होता. कित्येक महिन्यांनी तो परत आला, तर विल्सन अजून तोच सांधा घासतोय. किस्सा थोडा फुगवलेला असेल, पण माणूस कळतो.

१९११ मध्ये त्या सगळ्या घासण्याचं चीज झालं. यंत्र सुधारून त्याने प्रसरणाच्या नेमक्या क्षणी फोटो घेतले, आणि काचेच्या आत पांढऱ्या रेघा उमटल्या. आकाशात जेट विमान दिसत नाही पण त्यामागची पांढरी रेघ दिसते, तसंच. अल्फा कणाची रेघ जाड, सरळ. बीटा कणाची, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनची, बारीक आणि नागमोडी. अणूपेक्षा लहान कण कुठून आला, कुठे गेला, कुठे धडकला, हे माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. पुढची तीसेक वर्षं भौतिकशास्त्र या डब्यावर जगलं. १९३२ मध्ये कार्ल अँडरसनला याच प्रकारच्या डब्यात पॉझिट्रॉन सापडला, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या प्रभाराचा जुळा, प्रतिपदार्थाचा पहिला पुरावा. पॉझिट्रॉनही लक्षात ठेवा.

१९२७ चं नोबेल विल्सनला मिळालं, अमेरिकेच्या आर्थर कॉम्प्टनसोबत अर्धं-अर्धं. बहुतेक चरित्रं इथे टाळ्या वाजवून संपतात. मला खरी गोष्ट इथून पुढे वाटते. कारण जगाने त्याचा डबा उचलला, आणि ज्यासाठी डबा केला होता तो ढग मागेच राहिला. विल्सनसाठी नाही राहिला.

डब्यातल्या रेघांचं काम एकीकडे चालू असतानाच तो केंब्रिजच्या मोकळ्या मैदानात उपकरणं मांडून गडगडाटी ढगांची वाट बघत बसायचा. लांबवर वीज पडली की जमिनीवरच्या विद्युत क्षेत्रात एकदम उडी येते. त्या उडीवरून विजेच्या एका लोळात सुमारे २० कूलोम प्रभार असतो, असा हिशेब त्याने काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं हे काम आहे आणि आकडा आजही बऱ्यापैकी टिकून आहे. त्याने आणखी एक गोष्ट सुचवली. अगदी निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचं क्षेत्र असतं. आत्ता तुम्ही अंगणात उभे राहिलात तर पायापासून डोक्यापर्यंतच्या हवेत दीडशे व्होल्टच्या आसपास. (झटका बसत नाही, कारण हवा वीज वाहून नेत नाही आणि आपलं शरीर जमिनीशीच जोडलेलं असतं.) हवेतून प्रभार सतत गळत असताना हे क्षेत्र टिकतं कसं? विल्सनचं उत्तर होतं, की जगभर कुठे ना कुठे गडगडणारे ढग हेच पृथ्वीची बॅटरी चार्ज करत असतात. पाथरीतला आपला मे महिन्यातला ढगही त्या बॅटरीचा एक सेल झाला.

आणि मग १९२५. त्याचा तो छोटासा शोधनिबंध गडगडाटी ढगांच्या तीव्र विद्युत क्षेत्रात बीटा कणांचं काय होईल, यावर आहे. यातली आयडिया जरा सावकाश समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आठवडी बाजाराचा दिवस. तुम्हाला या टोकापासून त्या टोकाला जायचंय. रमतगमत चाललात तर प्रत्येक ओळखीचा माणूस थांबवतो: कधी आला, आई कशी आहे, कुठं शिकतो. दहा पावलांना एक थांबा. पण तुम्ही पळतच सुटलात तर? कोणी हाक मारेपर्यंत तुम्ही पुढे. जितके जोरात पळाल, तितकं अडवणं कमी. हवेतल्या इलेक्ट्रॉनचं असंच असतं. हळू इलेक्ट्रॉन रेणूंना धडकत राहतो आणि ऊर्जा घालवतो. पण आधीच फार वेगात असलेल्या इलेक्ट्रॉनला हवेचा अडथळा कमी जाणवतो. ढगातलं विद्युत क्षेत्र मागून ढकलत असेल आणि ढकलणं अडथळ्यापेक्षा जास्त झालं, तर इलेक्ट्रॉन आणखी वेग घेईल, त्यामुळे अडथळा आणखी कमी होईल, आणि मग त्याला कोणी धरू शकणार नाही. सुसाट. गंमत म्हणजे यासाठी लागणारं क्षेत्र साध्या ठिणगीला लागतं त्याच्या साधारण दहावा हिस्साच आहे. ढगात खरोखर सापडतं त्याच्या आसपास!

असा सुसाट इलेक्ट्रॉन वाटेत दुसऱ्या इलेक्ट्रॉनांना ठोकरून त्यांनाही पळायला लावतो, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि दरड कोसळावी तसा लोंढा होतो. त्यातला एखादा अणुकेंद्राजवळून जाताना वळला की ऊर्जा किरणांच्या रूपात टाकून देतो. इलेक्ट्रॉन पुरेसा वेगवान असेल तर ते असतात गॅमा किरण. विल्सनच्या डोक्यात हे कुठून आलं असेल, याचा अंदाज करायला डिटेक्टिव्ह लागत नाही. चौदा वर्षं तो काचेच्या डब्यात बीटा कणांच्या रेघा बघत होता आणि संध्याकाळी मैदानात ढग मोजत होता. दोन्ही कामं एकाच डोक्यात होती.

सिद्ध कसं करणार पण? १९३० च्या दशकात बेसिल शोनलंडने दक्षिण आफ्रिकेत, जिथे गडगडाटी ढगांना तोटा नाही, हे सुसाट इलेक्ट्रॉन शोधून बघितले. ठोस काही हाती लागलं नाही. १९२९ मध्ये विल्सनने आणखी एक भाकीत केलं होतं, की मोठ्या ढगात वरपासून खालपर्यंत १०० कोटी व्होल्टच्या घरातला दाब तयार होत असावा. तेही तपासायला कोणाकडे उपकरण नव्हतं. १९३४ मध्ये तो निवृत्त झाला, स्कॉटलंडला परतला आणि शेवटी ज्या मुलखात जन्मला तिथल्याच कार्लॉप्स नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. तोवर भौतिकशास्त्र अणुबॉम्ब आणि प्रचंड प्रवेगकांकडे निघून गेलं होतं. ढगांचा म्हातारा कोणाच्या फारसा लक्षात नव्हता.

तो मात्र थांबला नव्हता. ऐंशी ओलांडल्यावर तो एडिंबरा विद्यापीठाच्या हवामानशास्त्राच्या पोरांबरोबर विमानात बसून ढग बघायला जायचा. आयुष्यभर खालून पाहिलेला ढग त्याने तेव्हा बाजूने आणि वरून पाहिला. १९५६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, गडगडाटी ढगातल्या विजेवरचा त्याचा शेवटचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. तो लिहायचं काम कित्येक वर्षं चाललं होतं. काचेच्या सांध्यासारखंच. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी कार्लॉप्समध्ये विल्सन गेला, ९० वर्षांचा होऊन. आपल्या भाकितांतली मोठी भाकितं खरी की खोटी, हे न कळता.

आता बघा काय झालं.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ढगांत घुसवलेल्या विमानाला तिथे एक्स-किरण सापडले. मग १९९१ मध्ये नासाने एक मोठी दुर्बीण अवकाशात सोडली, दूरच्या विश्वातले गॅमा किरणांचे स्फोट टिपायला. ती वर बघायला होती. १९९४ मध्ये जेरल्ड फिशमन आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की काही चमका खालून येतायत, पृथ्वीकडून, आणि त्या खाली गडगडाटी ढग आहेत. एक चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच टिकायची. छातीच्या एक्स-रेत वापरतात त्याच्या शेकडो पट ऊर्जेचे किरण, आपल्या हवेतून. त्या दुर्बिणीचं नाव काय होतं माहितीये? कॉम्प्टन. ज्याच्याबरोबर विल्सनने नोबेल वाटून घेतलं त्याच आर्थर कॉम्प्टनचं. कोणी कादंबरीत असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, अतीच झालं.

त्याच सुमारास रशियाच्या अलेक्झांडर गुरेविचने सुसाट लोंढ्याचं गणित नव्याने मांडलं. लोंढा सुरू करायला आधी एखादा वेगवान इलेक्ट्रॉन हवा, तो येणार कुठून? वैश्विक किरणांतून. म्हणजे बोगद्यात विल्सनला न सापडलेले किरण त्याच्याच ढगात काडी लावतात. आणि २००९ च्या डिसेंबरात फर्मी नावाचा उपग्रह इजिप्तवरून जात असताना त्याच्यावर पॉझिट्रॉनांचा झोत येऊन आदळला. तो आला होता हजारो किलोमीटर दक्षिणेकडच्या, झांबियातल्या वादळातून. गॅमा किरणांनी ढगात पॉझिट्रॉन तयार केले आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून घसरत ते वर आले. साधा पावसाचा ढग प्रतिपदार्थ तयार करतो! फेब्रुवारी २०१७ मध्ये जपानच्या किनाऱ्यावर पडलेल्या एका विजेनंतर हवेत चक्क अणुकेंद्रीय प्रक्रिया झाल्याचा पुरावा मिळाला. गॅमा किरणाने नायट्रोजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन उडवला होता.

१०० कोटी व्होल्टवाल्या भाकिताचा निकाल आपल्या देशात लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटीला वैश्विक किरणांची प्रयोगशाळा आहे, ग्रेप्स-३. या संस्थेचे संस्थापक होमी भाभा स्वतः तरुणपणी केंब्रिजमध्ये वैश्विक किरणांवर काम करत होते, विल्सन तिथे प्राध्यापक असतानाच. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर एक गडगडाटी ढग आला. वैश्विक किरणांतून येणारे म्युऑन नावाचे कण ढगातून जाताना त्याच्या विद्युत दाबामुळे थोडे कमी झाले. सुमारे १८ मिनिटं त्यांची संख्या घटलेली राहिली, आणि या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला दाब काढला: सुमारे १३० कोटी व्होल्ट. फुग्यांनी आधी मोजलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या दहापट. निबंध २०१९ मध्ये छापून आला, विल्सनच्या भाकिताला तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.

मग आधी काय, गॅमा की वीज? गॅमाच्या लोंढ्याने हवेत वाट तयार होते आणि मग वीज पडते, की विजेच्या टोकाशी असलेल्या तीव्र क्षेत्रातून गॅमा निघतात? खरं सांगायचं तर भांडण मिटलेलं नाही. २०१८ पासून अंतराळ स्थानकावर बसवलेल्या युरोपच्या उपकरणाने दाखवलं, की ढगाच्या आत वर चढणाऱ्या विजेच्या सुरुवातीच्या टप्प्यातच अनेक चमका होतात. पण २०२३ च्या जुलैमध्ये कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेच्या ढगांवरून २० किलोमीटर उंचीवर विमान उडवलं, तेव्हा वेगळंच दिसलं. उष्ण कटिबंधातले मोठे ढग तासन्‌तास गॅमा किरणांनी धुगधुगत असतात, उकळत्या पातेल्यासारखे. शिवाय त्यांच्यात मिणमिणणाऱ्या चमका आहेत. त्या वेळी वीज दिसत नाही, आणि बऱ्याच वेळा त्या संपल्यावर लगेच वीज सुरू होते. म्हणजे वात आधी पेटते, असं मानणाऱ्यांना बळ मिळालं. मला हाच पक्ष पटतो, पण माझं मत कोण विचारतंय.

उष्ण कटिबंधातले मोठे ढग म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल, तर घाबरू नका. ढगातले गॅमा किरण जमिनीवर पोहोचेपर्यंत मधली हवा त्यांना बहुतेक गिळून टाकते. पाथरीच्या शेतात जीव घेते ती वीजच. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जमिनीवरच्या सेन्सरांच्या जाळ्यावर चालणारं दामिनी ॲप केलंय. तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडत असेल तर ते सांगतं. फुकट आहे. तुमच्या फोनमध्ये असेल-नसेल, शेतावर जाणाऱ्या बाबांच्या फोनमध्ये टाकून द्या.

आणि विल्सनचा डबा बघायचा असेल तर त्याचा सोपा भाऊ कॉलेजच्या लॅबमध्येही होतो. माशांची काचेची छोटी पेटी, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली फेल्टची पट्टी, खाली काळा पत्रा, त्याखाली ड्राय आइस आणि आडवा धरलेला टॉर्च. खोलीत अंधार करून दहा-पंधरा मिनिटं बसा. मग तळाशी पांढऱ्या बारीक रेघा उमटायला लागतात आणि विरतात. काही लांब, सरळ, त्यातल्या बऱ्याच म्युऑनच्या. काही आखूड, जाड. गुगलवर याचे भरपूर व्हिडिओ सापडतील. पाथरीत ड्राय आइस मिळवणं हाच काय तो अवघड भाग आहे, तेवढं परभणी किंवा संभाजीनगरला कोणाकडे मिळतं का ते विचारून ठेवा.